स्वावलंबनाची शिडी आणि शर्टाचं बटण



आजचा विषय आहे मुलांचं रोजचं स्वावलंबन आणि त्यासाठी वापरली जाणारी ऑक्युपेशनल थेरपी. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने यात लुडबुड कशाला करावी, असं कुणाला वाटलं असेल तर ते रास्तच आहे. आमचं उत्तर दोन भागांत आहे. एक म्हणजे, या उपचाराच्या मुळाशी ‘स्वतंत्र माणूस कुणाला म्हणायचं’ याची एक कल्पना गृहीत धरलेली आहे, आणि गृहीतकं तपासणं हे आमच्या विषयाचं जुनं काम. दुसरा भाग घरगुती आहे, तो ओघात येईलच. आम्ही उपचार सांगायला बसलेलो नाही, तो ज्यांचा अधिकार आहे त्यांनी सांगावा. आज करायची आहे ती एका शब्दाची चिकित्सा. शब्द आहे ‘स्वावलंबन’.

आधी उपचाराचं नाव घेऊ. सरकारी मराठीत त्याला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. व्यवसाय म्हटलं की आपल्याला धंदा, नोकरी, पोटापाण्याचा उद्योग आठवतो. म्हणून चार वर्षांच्या मुलीला व्यवसायोपचार सांगितला की आईबाप गोंधळतात, हिला आत्तापासून कसला व्यवसाय? मूळ इंग्रजी शब्दाचा रोख नोकरीवर नाही. माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो त्या सगळ्या त्यात येतात. मुलाच्या बाबतीत जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, दप्तर भरणं, खेळणं, लिहिणं. पण गंमत बघा, संस्कृतात ‘व्यवसाय’ शब्दाचा एक जुना अर्थ निश्चय असाही आहे, आणि गीतेत तो त्या अर्थाने येतो. भाषांतर करणाऱ्यांच्या मनात ते नसेलही, तरी त्यांच्या हातून शब्द बरोबर पडला असं आम्हांला वाटतं. का, ते शेवटाकडे सांगू.

थोडा इतिहास. 1917 साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी या क्षेत्रातली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1922 मध्ये अडॉल्फ मायर या मनोविकारतज्ज्ञाचा निबंध छापून आला, त्याच्या शीर्षकातच तत्त्वज्ञान हा शब्द आहे. मायरचं म्हणणं थोडक्यात असं: आजारी माणसाचा दिवस विस्कटलेला असतो. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांची लय त्याला परत मिळायला हवी, आणि ती प्रत्यक्ष करता करताच मिळते. उपचार करणाऱ्याने औषधाच्या चिठ्ठीसारखी कामं लिहून देण्यापेक्षा संधी पुढे ठेवाव्यात. हे शास्त्र आपल्याकडे रुजवलं कमलाबाई निंबकरांनी. जन्माने त्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी शाळा काढली, आशियातली पहिली. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला त्यांचंच नाव आहे. तेव्हा ही काल-परवा आलेली फॅशन नव्हे. मराठी मुलखात तिने सत्तरी ओलांडली, आमच्याइतकीच म्हणा ना. या वयात थोडी टीका सोसायला हरकत नसावी.

आमचा पहिला आक्षेप मात्र थेरपिस्टांवर नाही, घरांवर आहे. दुसऱ्यांच्या घरांविषयी बोलण्याआधी आपलं सांगावं, हे बरं.

आमच्या नातवाला हालचालींच्या समन्वयाची अडचण आहे. वैद्यकीय नाव डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. शाळकरी मुलांत तिचं प्रमाण साधारण 5 ते 6 टक्के मानलं जातं, म्हणजे पन्नासांच्या वर्गात दोन-तीन मुलं. बुद्धी तल्लख, हातपाय धडधाकट, पण बटण, नाडी, बुटाची लेस, पट्टी धरून रेघ मारणं, यांत हात मनाचं ऐकत नाहीत. अशा मुलांना ‘धांदरट’ आणि ‘आळशी’ ही विशेषणं फुकटात मिळतात. तो सात वर्षांचा असताना थेरपिस्ट बाईंनी घरी करायच्या गोष्टींचा एक कागद दिला. पहिलीच ओळ होती: शाळेच्या शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या.

त्याच्या आईवडिलांना सकाळी कामावर निघायची घाई, म्हणून हे खातं आमच्याकडे आलं. शाळेची बस सात पंचविसला. तो बिचारा एका बटणाशी झगडतोय, जीभ दातांत धरलेली. आम्ही घड्याळाकडे बघणार, ‘आण इकडे’ म्हणणार, आणि वीस सेकंदांत सगळी बटणं लावून मोकळे होणार. हे जवळजवळ वर्षभर चाललं. बाई विचारायच्या, ‘सराव होतो ना?’ आम्ही मान हलवायचो. तीस वर्षं वर्गात कांट शिकवला, स्वायत्तता या संकल्पनेवर विद्यार्थ्यांकडून प्रबंध लिहून घेतले, आणि घरात चार मिनिटं थांबणं काही जमलं नाही.

कांटचा 1784 चा एक छोटा निबंध आहे, प्रबोधन म्हणजे काय या प्रश्नावरचा. माणूस सज्ञान व्हायला का कचरतो हे सांगताना तो चक्क पांगुळगाड्याचा दाखला देतो. ज्यांनी लोकांचं पालकत्व स्वतःकडे घेतलंय, ते त्यांना पांगुळगाड्यात बसवतात, आणि बाहेर पाऊल टाकलंत तर पडाल अशी धास्ती घालतात. खरं तर दोन-चारदा पडून माणूस चालायला शिकला असता. हा दाखला आम्ही किती वर्गांत रंगवून सांगितला असेल! आजोबांची चपळ बोटंसुद्धा पांगुळगाडा होऊ शकतात, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

आपल्याकडे अडचण अशी, की ही बोटं मायेची असतात. भरवणं ही आपली प्रेम व्यक्त करायची भाषाच आहे. चिऊचा घास, काऊचा घास करत आजी ताट घेऊन मुलाच्या मागे फिरते, मूल दुसरीत गेलं तरी फिरते. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्या मुलाच्या हातांना इतरांपेक्षा कितीतरी अधिक सराव हवा असतो, नेमका त्याच्याच वाट्याचा सराव आपली माया खाऊन टाकते. पोळीचा तुकडा एका हाताने तोडून बघा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने पोळी दाबून धरायची, अंगठा आणि तर्जनीने तुकडा काढायचा. एकाच हाताच्या दोन भागांनी दोन वेगळी कामं करायची. इतका बारीक व्यायाम आपल्या ताटात रोज दोनदा वाढलेला असतो, आणि आपण घास करून तो मुलाच्या तोंडात घालतो.

दुसरा आक्षेप उपचारकेंद्रांवर, निदान त्यातल्या काहींवर. झोपाळे, चेंडूंचा हौद, रंगीत दिवे, भिंतीवरच्या शिड्या. यामागे जीन आयर्स या अमेरिकन थेरपिस्ट-संशोधिकेने मांडलेला सेन्सरी इंटिग्रेशनचा सिद्धान्त आहे, त्यावरचं तिचं मुख्य पुस्तक 1972 चं. मेंदू संवेदनांची जुळणी नीट करू लागला, की त्या पायावर उभी असलेली कौशल्यं आपोआप सुधारतील, असा तो विचार. विचार देखणा आहे, आणि मुलं तिथे आनंदाने खेळतात हेही खरं. पण 2012 साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या उपचारांचा पुरावा मर्यादित असल्याचं सांगितलं आणि डॉक्टरांनी पालकांना तशी कल्पना द्यावी असा सल्ला दिला. 2019 मध्ये आयोना नोवाक आणि इंग्रिड होनन यांनी मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यातून निघालेला कौल असा, की मुलाला जे करता यायला हवंय तेच काम, ध्येय ठरवून, करून घेणं आणि घरच्यांना सोबत घेणं, हे उपाय अधिक भरवशाचे. पोहायला शिकायचं असेल तर पाण्यात उतरावं लागतं, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं, आता त्याला पुरावा मिळाला.

एक छोटं उदाहरण देतो. बटणं लावण्याचा सराव करायला लाकडी चौकट असते, तिच्यावर कापडाच्या दोन पट्ट्या आणि बटणं. माँटेसरीबाईंच्या साधनांतली ही प्रसिद्ध वस्तू. आमचा नातू त्या चौकटीवर तयार झाला, तरी अंगातल्या शर्टापाशी अडायचाच. कारण साधं आहे. चौकट समोर टेबलावर असते, डोळ्यांना सगळं दिसतं. अंगातल्या शर्टाकडे वरून वाकून बघावं लागतं, आणि गळ्याजवळचं बटण तर दिसतच नाही, बोटांनी चाचपून लावावं लागतं. चौकट वाईट नाही, पण तिच्यावर थांबलं तर मुलाला चौकटीची बटणं लावता येतात, एवढंच होतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. बोर्डी-कोसबादच्या आदिवासी मुलांसाठी काम करताना त्यांनी परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवली, आसपास मिळणाऱ्या वस्तू घेतल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आमची थेरपीच्या लोकांना विनंती एवढीच, की उपचारही अंगणात न्या. पायरीवरचे बूट, बादलीतला तांब्या, शाळेतल्या संडासाची घट्ट कडी, हीच साधनं. कित्येकदा मुलाचा हात सुधारण्याआधी ती कडी सैल करावी लागते, आणि तोही उपचारच आहे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो मोजमापांवर. मुलाची प्रगती मोजायला अनेक पट्ट्या आहेत. त्यातली वी-फिम नावाची एक जगभर वापरतात. 18 बाबी आणि प्रत्येक बाबीला सात पायऱ्या. सगळ्यांत खाली एक, म्हणजे पूर्ण मदत लागते. सगळ्यांत वर सात, म्हणजे पूर्ण स्वावलंबी. सहावी पायरी कुणाची? जो कुणाच्याही मदतीशिवाय काम करतो, पण त्याला एखादं साधन लागतं किंवा जास्त वेळ लागतो, त्याची. म्हणजे जाड मुठीच्या चमच्याने जी मुलगी स्वतः जेवते, तिला जन्मभर सातवी पायरी नाही. आमच्या नाकावर चष्मा आहे. तो काढला तर समोरचं टिपण आम्हांला वाचता येणार नाही. पण आम्हांला वाचनात कुणी परावलंबी म्हटलेलं नाही.

न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे, की ही पट्टी सांभाळणाऱ्यांवर किती भार पडतो हे मोजण्यासाठी निघाली. रुग्णालयाला, शासनाला ते कळणं गरजेचं असतं. दोष पट्टीचा नाही, तिचा आकडा आपण मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखा वाचू लागतो हा आहे. मग शिडी डोक्यात बसते. खाली मदत, वर स्वातंत्र्य. जितकी मदत कमी, तितका माणूस मोठा. आमचा आक्षेप या चित्रावर आहे.

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल, विशेषतः ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्या. ‘सर, तत्त्वज्ञान ठीक आहे, पण आमच्यामागे याचं कसं होणार?’ या प्रश्नापुढे हुशारी दाखवू नये. तो आईबापांना रात्री झोपू देत नाही, आणि या वयात आजोबांनाही देत नाही. म्हणूनच मुलाला जेवढं शिकवता येईल तेवढं शिकवलंच पाहिजे. ‘त्याला नको असेल तर राहू दे’ हा आळशीपणाचा बहाणा होता कामा नये.

पण तोच प्रश्न जरा पुढे न्या. आपल्यामागे अनेक मुलांना मदत लागणारच आहे, आणि ती परक्या माणसांची असेल. तेव्हा काय उपयोगी पडेल? आपल्याला कशात मदत हवी हे सांगता येणं. कशी हवी हे सांगता येणं. आणि ‘नको’ म्हणता येणं. अंघोळीला, शौचाला ज्या मुलीला दुसऱ्याचा हात लागतो, तिला कुणी कुठे स्पर्श करावा आणि करू नये हे ठरवता आलं पाहिजे, कारण तिच्या सुरक्षिततेचा तो पाया आहे. बोलता येत नसेल तर नजरेने, खुणेने, चित्रांच्या कार्डाने. आता आपल्या पट्ट्यांकडे परत बघा. मदत किती लागली हे त्या नोंदवतात. ती कुणाच्या सांगण्यावरून झाली, याला बहुतेक ठिकाणी रकानाच नाही. उलट ‘शहाणी मुलगी, हात वर कर, मान खाली घाल’ असं करून घेतलेल्या आज्ञाधारकपणालाही आपण प्रगतीत धरतो. याची आम्हांला भीती वाटते.

एड रॉबर्ट्स हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. अमेरिकेतला हा मुलगा चौदाव्या वर्षी पोलिओने मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळा झाला. श्वासासाठी यंत्र लागायचं. 1962 मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. 1972 मध्ये तिथे सुरू झालेल्या सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग या संस्थेमागे त्याचा मोठा वाटा होता, आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याचा तो प्रमुख झाला. त्याला कपडे दुसरे घालायचे, अंघोळ दुसरे घालायचे. आपल्या शिडीवर तो तळाशी. पण कधी उठायचं, काय घालायचं, कुठे जायचं, मदतीला कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, हे तो ठरवायचा. त्याला परावलंबी म्हणायला आमची जीभ रेटत नाही. स्वावलंबनाची खूण मदतीच्या मापात शोधण्याऐवजी मदतीवर हुकूम कुणाचा चालतो यात शोधावी, हे आमचं आजचं म्हणणं.

थेरपीच्या आतूनही हा विचार पुढे आला आहे, हे सांगायला हवं. कॅनडात 1991 साली तयार झालेली एक पद्धत आहे, तिच्यात ज्याचा प्रश्न त्यालाच विचारतात: रोजच्यातली कुठली गोष्ट तुला महत्त्वाची वाटते, ती किती जमते, आणि जेवढी जमते त्यावर तू किती समाधानी आहेस? एक ते दहा गुण त्याने स्वतः द्यायचे. फार लहान मुलाच्या वतीने पालक बोलतात, तिथे आपली इच्छा मुलाच्या तोंडी घालण्याचा धोका राहतोच. पण विचारण्याची सवय तरी लागते.

आता राहिलेली घरची गोष्ट. वर्षभराने बाईंनी आमची चोरी पकडली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सकाळ सोडा, रविवारी संध्याकाळी करा. आणि शेवटापासून सुरू करा.’ म्हणजे सगळी बटणं आपण लावायची, शेवटचं एक त्याच्यासाठी ठेवायचं. ते जमलं की शेवटची दोन. काम पूर्ण झाल्याचं समाधान प्रत्येक वेळी मुलाच्या हाताला मिळतं. खालची बटणं अशी हळूहळू आली. गळ्याजवळचं येईना.

एका रविवारी तो वरच्या बटणाशी झटत होता. आमचा हात सवयीने पुढे गेला. तो म्हणाला, ‘आजोबा, फक्त कॉलर धरा. लावू नका.’ आम्ही कॉलर धरून उभे राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही. बटण लागलं की नाही, तर त्या दिवशी नाही लागलं. त्याने हात खाली घेतले आणि म्हणाला, ‘आता तुम्ही लावा.’

पुढच्या भेटीत बाईंच्या कागदावर त्या ओळीपुढे शेरा पडला, ‘थोड्या मदतीने’. आधीच्या महिन्यातही तोच होता. कागदाच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. आम्ही बाईंना ती दोन वाक्यं सांगितली. त्यांनी पेन काढलं आणि समासात लिहून घेतली. चांगल्या थेरपिस्टला रकान्याबाहेर लिहिता येतं, आणि अशी माणसं आपल्याकडे आहेत, म्हणून तर ही टीका करण्यात अर्थ आहे.

हायडेगरने 1927 च्या ग्रंथात दुसऱ्याची काळजी वाहण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात आपण मध्ये उडी घेऊन त्याचं काम आपल्याकडे ओढून घेतो, आणि तो नकळत आपला मिंधा होतो. दुसऱ्यात आपण त्याची काळजी त्याची त्याला परत देतो. वर्गात आम्हांला हा फरक नीट समजावता यायचा नाही. कॉलर धरणं आणि बटण लावणं, असं आता सांगितलं असतं.

आणि तो ‘व्यवसाय’ शब्द. बोटांचं कौशल्य वाढवणं हे या उपचाराचं दिसणारं काम, ते व्हायलाच हवं. पण ‘हे मी करीन, हे तुम्ही करा, आणि हे आज नको’ असं म्हणणारा निश्चय मुलात उभा राहणं, हे त्याचं खोलवरचं काम. जुन्या अर्थाने तोच व्यवसाय.

घरी जाऊन काही करावंसं वाटलं, तर एवढं करा. एकच काम निवडा, शक्यतो मुलाने निवडलेलं. त्यासाठी घाईची वेळ सोडून दुसरी वेळ काढा. हात लावण्याआधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. थांबणं सगळ्यांत अवघड जातं, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुम्ही विचारा.